घड्याळ रोज १२ सेकंद पुढे जातंय. बिघडलंय का?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' जमतील तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.)

आज आपला विषय मनगटावरचा आहे. स्मार्टवॉच नाही, चावीचं घड्याळ. ज्यात सेल नाही, चिप नाही, फक्त स्प्रिंग आणि चाकं आहेत, ते.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. नाव सांगत नाही, कारण घरी किंमत वेगळी सांगितली आहे म्हणे. तो म्हणतो, "दिवाळीच्या बोनसमधून पहिलं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं, साडेअठरा हजारांचं. आत एनएच३५ मशीन आहे. फोनशी जुळवून बघतोय तर रोज १२ सेकंद पुढे जातंय. दुकानदार म्हणतो नॉर्मल आहे. बहिणीचं हजार-दीड हजारांचं कॅसिओ महिनाभर हलत नाही आणि ती मला रोज चिडवते. मला गंडवलंय का? परत करायची मुदत शनिवारी संपतेय."

म्हणजे प्रश्न नुसता छंदाचा नाही. साडेअठरा हजारांचा आहे, आणि शनिवारच्या आत उत्तर हवंय. तेव्हा आधी छोटं उत्तर देतो: नाही भावा, गंडवलेलं नाही. आता मोठं उत्तर, म्हणजे "का नाही". ते कळलं की घड्याळ परत करायचं की ठेवायचं हे तुझं तुला ठरवता येईल, आणि बहिणीला काय सांगायचं तेही.

आधी गणित

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात १२ सेकंदांची चूक म्हणजे ०.०१४ टक्के. म्हणजे घड्याळ ९९.९८ टक्क्यांहून जास्त बरोबर आहे. मुंबई ते पुणे साधारण १५० किलोमीटर धरले, तर एवढ्या प्रवासात २१ मीटरची चूक. टोलनाक्यावरच्या एका बसची लांबी धरा, अशा दोन बस.

आता हे कोण करतंय ते बघा. मेनस्प्रिंग नावाची एक गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. चावी दिली की ती घट्ट होते आणि मग सावकाश सुटत जाते. एकदम सुटली तर सगळी चाकं क्षणात फिरून मोकळी होतील. म्हणून तिला अडवायला एक दरवान असतो, त्याला एस्केपमेंट म्हणतात. तो एका वेळी एकच दात पुढे सोडतो. आणि कधी सोडायचा, हे त्याला सांगतं बॅलन्स व्हील. हे चाक एका केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, हेअरस्प्रिंगवर, इकडून तिकडे झुलत असतं. आपण जी टिकटिक ऐकतो ती याच दरवानाची.

एनएच३५ मध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ६. दिवसाला झाले ५,१८,४००. आपल्या मित्राचं घड्याळ १२ सेकंद पुढे जातं, म्हणजे या पाच लाख अठरा हजार ठोक्यांच्या जागी ते ७२ जास्त मारतं. बस्स. हात हलवताना, स्कूटर खड्ड्यात आदळताना, एसी ऑफिसातून उन्हात येताना, रात्री टेबलावर उताणं पडून असताना, सगळं धरून ७२.

मला विचाराल तर एवढ्या लहान यंत्राची एवढीच चूक होते, याचंच नवल वाटायला हवं. पण नवल वाटून मुदत थांबत नाही, म्हणून कागदावर काय लिहिलंय ते बघू.

कंपनी काय कबूल करते?

एनएच३५ साठी ठरलेली मर्यादा आहे दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. म्हणजे रोज ४० सेकंद पुढे गेलं तरी कंपनीच्या हिशोबाने मशीन ठीक. १२ म्हणजे या पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर.

आता वरच्या पायऱ्या. स्वित्झर्लंडमध्ये कॉस्क नावाची संस्था आहे, १९७३ पासूनची. ती घड्याळाच्या मशीनला 'क्रोनोमीटर' हे प्रमाणपत्र देते. मशीन १५ दिवस तपासतात, ५ वेगवेगळ्या स्थितींत आणि ३ तापमानांत: ८, २३ आणि ३८ अंश सेल्सियस. सरासरी चाल दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत हवी. ('चाल' हा शब्द लक्षात ठेवा. घड्याळ रोज किती पुढे जातं किंवा मागे पडतं, ती त्याची चाल.) रोलेक्स स्वतःसाठी उणे २ ते अधिक २ ठेवते. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांना शून्य ते अधिक ५. ग्रँड सेइकोच्या चावीच्या घड्याळांना उणे ३ ते अधिक ५.

ओमेगाचा आकडा परत वाचा. शून्य ते अधिक ५. उणे नाहीच. याचं कारण साधं आहे. पुढे जाणारं घड्याळ तुम्हाला स्टेशनवर लवकर पोचवतं, मागे पडणारं गाडी चुकवतं. शिवाय पुढे गेलेलं घड्याळ दुरुस्त करणंही सोपं. चावी बाहेर ओढून सेकंदकाटा थांबवायचा आणि जग आपल्याला गाठेपर्यंत वाट बघायची.

आणि बहिणीचं कॅसिओ? एफ-९१डब्ल्यू असेल तर कंपनी महिन्याला अधिक-उणे ३० सेकंद सांगते. म्हणजे दिवसाला एक सेकंद. साडेअठरा हजारांचं सोडा, लाखोंच्या रोलेक्सपेक्षाही तिचं घड्याळ कागदावर जास्त अचूक आहे. हे मान्य करून टाकायचं. या मुद्द्यावर वाद घालणारा चावीवाला हरतोच.

मग फोन तरी किती अचूक?

इथे मी इंजिनिअर म्हणून थोडा घुसतो. कॅसिओच्या आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा कोडिंगवाल्यांना ओळखीचा वाटेल: २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो.

तुमच्या फोनमध्येही स्फटिकच असतो. अशा साध्या स्फटिकाची सहनशीलता बऱ्याचदा दहा लाखांत २० भाग असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत चूक, महिन्याला जवळपास पाऊण मिनिट ते मिनिट. मग फोन नेहमी बरोबर कसा? कारण तो सतत विचारत असतो. मोबाइल नेटवर्कला विचारतो, इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला विचारतो, "बाबा, किती वाजले?" आणि गुपचूप स्वतःला सरळ करतो. आपण ज्या सर्व्हरवर काम करतो तेही हेच करतात. सिंक बंद पडला की दोन मशीनचे लॉग एकमेकांशी जुळेनासे होतात आणि मग रात्री दोनला कुणालातरी उठवावं लागतं.

म्हणजे फोनची अचूकता उसनी आहे. यात कमीपणा काही नाही, पण तुलना करताना हे ध्यानात हवं. सतत दुरुस्त होणाऱ्या घड्याळाशी आपण एक असं घड्याळ ताडून बघतोय ज्याला कुणीच काही सांगत नाही.

यातून एक छोटं सूत्र निघतं. जास्तीत जास्त चूक = रोजची चाल गुणिले किती दिवसांनी घड्याळ लावता. रोज १२ सेकंद आणि पाच दिवसांनी लावलंत, तर कधीही एका मिनिटापेक्षा जास्त चूक नाही. रविवारी सकाळी चहा होईपर्यंत लावलंत तर सव्वा-दीड मिनिट.

आजोबा लोक हेच करायचे की. सकाळी रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की काटा जुळवायचा आणि चावी द्यायची. रोज ठरलेल्या वेळी. तोच त्यांचा टाइम सर्व्हर. घड्याळ दिवसाला २०-३० सेकंद इकडेतिकडे झालं तरी त्यांना कधी कळलंही नसेल, कारण चूक साठायच्या आत पुसली जायची.

हॉलमधलं घड्याळ आणि जमैकाचं जहाज

आता या एपिसोडचा खरा मुद्दा.

बऱ्याच मराठी घरांत हॉलमधलं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं. पाहुणा आला की दचकतो, "अरे बापरे, साडेनऊ?" आणि घरातले सगळे एका सुरात, "ते पुढे आहे!" आता सांगा, या घड्याळामुळे कुणाची गाडी चुकते का? नाही. कारण किती पुढे आहे हे सगळ्यांना पाठ आहे. त्रास कधी होईल? जर ते कधी सात मिनिटं पुढे, कधी तीन मिनिटं मागे असेल तर.

चूक असणं वेगळं आणि चूक माहीत नसणं वेगळं. हे जगाला पटवलं ते अठराव्या शतकातल्या एका सुताराच्या मुलाने.

तेव्हा समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे कळायचा खात्रीचा मार्ग नव्हता. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. बंदराची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ दोन्ही कळल्या तर फरकावरून रेखांश निघतो. पण त्यासाठी डुलत्या जहाजावर महिनोन्‌महिने बरोबर चालणारं घड्याळ हवं. ते नव्हतं, आणि अंदाज चुकून जहाजं खडकांवर आपटत होती. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये कायदा करून २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं.

जॉन हॅरिसनने यात आयुष्य घातलं. त्याचं चौथं यंत्र, एच४, दिसायला मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं होतं. १७६१ मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशोब झाला तेव्हा चूक निघाली साधारण ५ सेकंद. ८१ दिवसांत ५ सेकंद, अठराव्या शतकात!

पण थांबा. यात एक गंमत आहे. एच४ रोज साधारण २.६६ सेकंद मागे पडत होतं. मग ८१ दिवसांत दोनशेच्या वर सेकंद व्हायला हवेत ना? ते झालेच. पण ही चाल निघण्याआधीच मोजून लिहून ठेवलेली होती, म्हणून ती वजा करता आली. उरली ती ५ सेकंदांची चूक. पुढे जहाजांवर क्रोनोमीटर वापरणाऱ्यांनी हीच रीत धरली: प्रवासात घड्याळाच्या काट्यांना हात लावायचा नाही, रोज त्याची चूक वहीत लिहायची आणि हिशोबात धरायची.

म्हणजे ज्या घड्याळाने रेखांशाचा प्रश्न सोडवला, ते शून्य चुकीचं नव्हतंच. ते एकसारखं चुकणारं होतं.

आता आपल्या मनगटावर या. दोन घड्याळं समजा. पहिल्याची रोजची नोंद: अधिक १२, अधिक ११, अधिक १३, अधिक १२. दुसऱ्याची: अधिक ९, उणे ८, अधिक ७, उणे ९. दुसऱ्याची सरासरी जवळजवळ शून्य. कागदावर ते भारी. पण चांगलं मशीन पहिलं आहे. पहिल्याला फक्त सरकवायची गरज आहे. दुसऱ्याच्या आत काहीतरी डळमळतंय. कॉस्कसुद्धा नुसती सरासरी बघत नाही. तिचे सात निकष आहेत आणि रोजच्या चालीत चढउतार किती, हाही त्यातला एक.

आणि हे सरकवणं सोपं असतं. बऱ्याच मशीनमध्ये बॅलन्स व्हीलच्या वर अधिक-उणे लिहिलेली एक बारीक दांडी असते. ती केसभर हलवली की हेअरस्प्रिंगची झुलणारी लांबी बदलते. लांबी वाढली की घड्याळ सावकाश, कमी झाली की जलद. सरावलेल्या घड्याळवाल्या काकांचं हे पाच-दहा मिनिटांचं काम. स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. ती स्प्रिंग एकदा वाकली की पाच मिनिटांचं काम पाच हजारांचं होतं.

मग लोक एवढं मनाला का लावून घेतात?

एक काळ असा होता की मनाला लावून घ्यावंच लागायचं. १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या किप्टन इथे दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या. आठ माणसं गेली. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीचं काम आलं आणि १८९३ पर्यंत नियम झाले: रेल्वे कर्मचाऱ्याचं घड्याळ आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये. दिवसाला सव्वाचार सेकंद. आजच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राच्या अगदी आसपास. फरक एवढाच की तेव्हा त्या आकड्यावर माणसांचे जीव होते.

मग २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेइकोने क्वार्ट्झ अॅस्ट्रॉन हे मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, अचूकता महिन्याला अधिक-उणे ५ सेकंद. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि चावीच्या घड्याळाचं 'वेळ सांगणं' हे काम संपल्यात जमा झालं. आपल्याकडेही तेच. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना ही नावं घरोघरी गेली. ऐंशीच्या दशकात टायटन क्वार्ट्झ घेऊन आली आणि चित्र पालटलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

तर आज जे चावीचं घड्याळ घालतात, ते वेळेसाठी घालत नाहीत. वेळ खिशातल्या फोनवर आहेच. माझ्या ओळखीतल्या घड्याळवाल्या मंडळींचे मी चार गट करतो.

पहिला गट: ज्यांना काही पडलेली नाही. यांच्याकडे तीन-चार घड्याळं असतात. आज एक, उद्या दुसरं. एनएच३५ पूर्ण भरलं तर साधारण ४१ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी काढून ठेवलेलं सोमवारी बंद पडलेलंच असतं. प्रत्येक वेळी नव्याने लावायचं, तर चूक साठणार कुठे? यातले काही तर तारीखही लावत नाहीत. मिनिटकाटा अंदाजे ठेवला की झालं.

दुसरा गट: आठवड्याला एकदा लावणारे. एकच घड्याळ, रोज तेच. यांची अट एवढीच की मिनिटकाट्यावर विश्वास ठेवता यावा.

तिसरा गट: मोजणारे. यांच्याकडे एक्सेल शीट असते. ऑनलाइन मागवलेलं टाइमग्राफर असतं. हे यंत्र म्हणजे मुळात एक मायक्रोफोन. तो टिकटिक ऐकतो आणि चाल काढून देतो. यांना अचूकता 'लागत' नाही, आवडते. जसं कुणी गाडीचं अॅव्हरेज दर टाकीला लिहून ठेवतं तसं. यांना हसू नका. हॅरिसनच्या वहीचे खरे वारस हेच.

चौथा गट: ज्यांनी अचूकतेचे पैसे मोजलेत. क्रोनोमीटर घेतलं, कागदावर उणे ४ ते अधिक ६ लिहिलंय आणि मनगटावर अधिक १५ येतंय. यांची तक्रार शंभर टक्के रास्त. त्यांनी भांडलंच पाहिजे.

आपल्या मित्राचा घोटाळा काय झाला? घड्याळ दुसऱ्या गटातलं घेतलं आणि अपेक्षा चौथ्या गटाची ठेवली. यात चूक कुणाचीच नाही, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

आकडा म्हणजे बीपी

मग चाल मोजायचीच नाही का? मोजायची. पण घड्याळाला मार्क द्यायला नाही, तब्येत बघायला. चाल म्हणजे घड्याळाचं बीपी. प्रत्येकाचं नॉर्मल थोडं वेगळं. काळजी करायची ती नॉर्मल बदलल्यावर.

कसं मोजायचं ते सांगतो. घड्याळ पूर्ण भरा. सेकंदकाटा फोनच्या वेळेशी जुळवा. नेहमीसारखं वापरा. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री दहाला, फरक लिहा. दहा दिवस. एका दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. तास-दोन तास मोजून २४ ने गुणणं तर बिलकुल नको. आणि फोनच्या माइकवर टिकटिक ऐकणारी अॅप्स मिळतात, ती अंदाजासाठी ठीक आहेत, पण पंख्याच्या आवाजात ती काहीही सांगतात.

आता वेगवेगळे आकडे काय सांगतात ते बघा.

रोज साधारण तेवढंच पुढे किंवा मागे, आणि कंपनीच्या मर्यादेत: तब्येत उत्तम. हवं तर वॉरंटीतल्या सर्व्हिसवेळी सरकवून घ्या.

दिवसा वेगळं, रात्री वेगळं: हेही नॉर्मल. बॅलन्स व्हीलवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम स्थितीनुसार बदलतो. म्हणून रात्री घड्याळ उताणं ठेवलं तर एक चाल, चावीच्या बाजूवर उभं ठेवलं तर दुसरी. कोणत्या स्थितीत ते मागे पडतं हे शोधलंत, तर दिवसाचे पुढे गेलेले सेकंद रात्री फुकटात परत मिळवता येतात.

अचानक दिवसाला मिनिटभर किंवा त्याहून जास्त पुढे जायला लागलं: पहिला संशय चुंबकावर. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. आणि चुंबक कुठे असतं? आत्ता तुम्ही मला ज्या इअरबड्समध्ये ऐकताय, त्यांच्या डबीत. लॅपटॉपच्या झाकणात, टॅबलेटच्या कव्हरमध्ये, फोनला चिकटणाऱ्या चार्जरमध्ये, पर्सच्या बटणात. रात्री घड्याळ आणि इअरबड्सची डबी शेजारी शेजारी ठेवू नका. झालंच असेल तर घाबरू नका. घड्याळवाल्याकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, काही सेकंदांचं काम. यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल काढत असेल, तर दुसरीकडे विचारा.

वर्षानुवर्षं ठीक होतं आणि आता हळूहळू बिघडतंय, चढउतार वाढलेत, पूर्ण भरूनही लवकर बंद पडतंय: आतलं तेल वाळलंय. आता खरंच सर्व्हिसिंग हवं. टाइमग्राफरवर 'अँप्लिट्यूड' नावाचा आकडा दिसतो, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश झुलतं तो. पूर्ण भरलेल्या, उताण्या ठेवलेल्या निरोगी आधुनिक मशीनमध्ये तो साधारण २५० ते ३१० च्या दरम्यान असतो. २०० च्या खाली गेला की घड्याळ दमलंय. चाल प्लस दोन दाखवत असली तरी.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून परत सांगतो. चाल चांगली आणि अँप्लिट्यूड पडलेला, असं होऊ शकतं. दांडी सरकवून दमलेल्या घड्याळाचा आकडाही गोड करता येतो. जुनं घड्याळ विकत घेताना हे विशेष लक्षात ठेवा. जुन्या घड्याळांच्या जगात 'मुंबई स्पेशल' हा शब्दच आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी मशीन, इकडचे-तिकडचे सुटे भाग आणि वर नव्याने रंगवलेली चकचकीत डायल, अशा घड्याळांना संग्राहक हे नाव देतात. निळ्या-केशरी डायलवर भुलू नका. विकणाऱ्याकडे टाइमग्राफरचा फोटो मागा, दोन-तीन स्थितींमधला. दिला तर बोलणी पुढे. "चालू आहे, वेळ बरोबर दाखवतं" एवढंच म्हणाला, तर त्याने काहीच सांगितलेलं नाही.

आणि घरातलंच जुनं घड्याळ असेल, आजोबांची जनता किंवा पायलट, तर अपेक्षा बेतानेच ठेवा. चाळीस-पन्नास वर्षांचं मशीन सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आणि एकसारखं चालत असेल, तर काकांना पेढे द्या. त्याला प्लस दोनवर आणायच्या नादात पार्ट बदलत बसलात, तर आजोबांचं घड्याळ हळूहळू दुसऱ्याच कुणाचं तरी होईल.

तर शनिवारच्या आत काय करायचं?

चार-पाच दिवस आहेत. रोज ठरलेल्या वेळी फरक लिही. आकडे १० ते १४ च्या घरात, एकसारखे आले तर घड्याळ ठेव. एकदम चांगलं मशीन मिळालंय. एक दिवस २५, दुसऱ्या दिवशी उणे ५ असं नाचत असेल तर बदलून माग, सरासरी कितीही छान दिसली तरी. आणि खरं सांगायचं तर, रोज सकाळी तुला फोनच्या सेकंदाशी सेकंद जुळलेलाच हवा असेल, नाहीतर दिवसभर चुटपुट लागून राहणार असेल, तर घड्याळ परत कर आणि चांगलं क्वार्ट्झ घे. यात काही कमीपणा नाही. साडेअठरा हजारांत फार सुंदर क्वार्ट्झ येतात, आणि जे घड्याळ बघून रोज चिडचिड होते ते कितीही अचूक असलं तरी महागच.

बहिणीला सांग, तुझं कॅसिओ जिंकलं. ते कधीचंच जिंकलंय.

तुमच्यापैकी कुणाकडे घरातलं जुनं चावीचं घड्याळ असेल, तर या आठवड्यात दहा दिवसांची नोंद सुरू करा आणि आकडे मला पाठवा. मशीनचं नाव कळलं तर तेही. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बघू, कोणतं दमलंय आणि कोणतं नुसतं एकसारखं चुकतंय. तोपर्यंत इअरबड्सची डबी घड्याळापासून लांब ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!